जप्ती, टाच, ताबा, सरकारजमा : नेमका फरक काय?

मृण्मयी_वाई
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ पुण्यात खासगी कंपनीत नोकरीला आहे. मित्राच्या कर्जाला जामीन राहिला, मित्राने हात वर केले, दिवाणी कोर्टात दावा झाला आणि निकाल दोघांच्याही विरोधात गेला. आता भावाच्या कंपनीकडे 'पगारावर टाच' आणण्याचा हुकूम आला आहे. मावशी फोनवर एकच वाक्य सारखं म्हणत होती, "पोराचा पगार जप्त झाला गं, आता खायचं काय?" सगळा पगार जाणार असंच घरात सगळ्यांनी धरून चाललं आहे.

पेपरात रोज 'ईडीकडून फ्लॅट जप्त', 'बँकेकडून घर जप्त', 'पालिकेकडून गाळा जप्त' वाचतो. कुठे 'टाच' लिहितात, कुठे 'ताबा', कुठे 'सरकारजमा'. हे सगळं एकच आहे का? आणि वेगळं असेल तर माणसाच्या हातात काय उरतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

नाझर_काका
मृण्मयीताई, आधी मावशींना सांगा की सगळा पगार जात नाही. जाऊ शकत नाही, कायद्यानेच. त्याचा हिशोब खाली देतो.

माझी उभी नोकरी दिवाणी कोर्टात, त्यातली बरीचशी नाझर खात्यात गेली. कोर्टाचे हुकूम जागेवर जाऊन बजावणारे बेलिफ नाझराच्या हाताखाली असतात, त्यामुळे जप्तीची वॉरंटं आमच्याच टेबलावरून निघायची. क्रम असा असतो. दावा चालतो, हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम निकाल) होतो. हरलेल्याने पैसे भरले नाहीत तर जिंकलेला दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावतो. ज्याला पैसे घ्यायचे तो धनको, ज्याने द्यायचे तो ऋणको. धनकोने भत्ता भरला की वॉरंट निघतं आणि बेलिफ जागेवर जातो.

कोर्टाच्या आवारात आम्ही जे बोलायचो त्यात फरक अगदी सरळ होता. जी वस्तू उचलून आणता येते तिची जप्ती. कपाट, टीव्ही, मोटारसायकल, दुकानातला माल. याला 'जंगम जप्ती' म्हणतात. जे उचलता येत नाही त्यावर टाच. घर, जमीन, पगार, बँकेतलं खातं. कागदावर 'स्थावर जप्ती' असंही लिहिलेलं सापडेल, पण काम तेच : वस्तू जागची हलत नाही, मालकाचे हात बांधले जातात. घरावर टाच आली म्हणजे ते विकता येत नाही, बक्षीसपत्र करता येत नाही, गहाण टाकता येत नाही. हुकूम दवंडी पिटून जाहीर करायचा, एक प्रत घरावर डकवायची, एक कोर्टाच्या फलकावर लावायची. शेतजमीन असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीतही. ऋणको मात्र त्याच घरात राहतो, त्याच चुलीवर स्वयंपाक करतो. लिलाव होऊन तो कायम होईपर्यंत मालक तोच.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिचं कलम ६० प्रत्येकाने एकदा वाचावं. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने (आपल्याकडे मंगळसूत्र), कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, शेतकरी राहतो ते त्याचं घर, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम : यातलं काहीही जप्त होत नाही. मजूर आणि घरकामगार यांची मजुरी तर पूर्ण वगळलेली आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाला राहत्या घरात शिरता येत नाही (कलम ६२).

एक प्रसंग डोळ्यांपुढे आहे. शिंप्याच्या घरी जंगम जप्ती होती, धनको स्वतः टेम्पो घेऊन आला होता. घरात विकून पैसे येतील अशी एकच वस्तू, पायाने चालवायचं शिलाई मशीन. धनकोच्या माणसांनी ते दाराबाहेर आणलंही. आमच्या बेलिफाने ते परत आत ठेवायला लावलं, त्यावर अर्धवट शिवलेला परकर होता तोही जसाच्या तसा ठेवला आणि पंचनाम्यात लिहिलं, 'कारागिराचे हत्यार, कलम ६० प्रमाणे वगळले.' दोन पंचांच्या सह्या घेतल्या. धनको चिडला, साहेबांकडे तक्रार घेऊन गेला. साहेबांनी पंचनामा वाचला आणि त्याला परत पाठवलं.

आता पगार. पहिले १,००० रुपये सोडायचे. उरलेल्याचे तीन भाग करायचे, त्यातले दोन भागही सोडायचे. फक्त एक भाग कापता येतो. हे साध्या पैशाच्या हुकूमनाम्याला लागू. बायकोमुलांच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशोब उलटा, तिथे पगाराचा एक तृतीयांशच सुटतो. भावाचा पगार किती ते कळवा, आकडा काढून देतो.

केदार_भाषा
नाझरकाका, फार मोलाचं लिहिलंत. शब्दाच्या अंगाने थोडी भर घालतो.

'जप्त' मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आला. मूळ रूप 'ज़ब्त'. पुढच्या 'त'मुळे 'ब'चा 'प' झाला. मूळ अर्थ घट्ट धरणं, आवरणं, काबूत ठेवणं. उर्दूत आजही 'ज़ब्त' म्हणजे स्वतःला आवरणं, डोळ्यांतलं पाणी रोखून धरणं. बंगालीत 'जब्द करणे' म्हणजे माल जप्त करणं आणि एखाद्याला वठणीवर आणणंही. अकबराच्या काळात जमिनीची मोजणी करून सारा ठरवण्याच्या पद्धतीला 'जब्ती' म्हणत, म्हणजे मोजून हिशोबात आणलेली जमीन.

यात कुठेही 'मालकी काढून घेणं' नाही. आपल्या बोलण्यात मात्र जप्त म्हणजे गेलं, संपलं. मावशींनी तेच ऐकलं.

हणमंत_बेळगाव
आमच्याकडे कन्नडमध्येही जप्तीच म्हणतात, 'प' सकट. तेलुगूत जप्तू, गुजरातीत जप्ती. कोर्टात मराठी आणि कन्नड पक्षकार समोरासमोर असले तरी या एका शब्दाला दुभाषी लागत नाही.

इंदूरची_लेक
आम्ही घरी मराठी बोलतो, पण इंदुरात मराठी घरांतही या कामाला 'कुर्की' म्हणतात. कुर्की म्हणजे तुमची टाच. 'जब्ती' हा शब्द तिथे पोलिसांनी माल धरला की येतो. 'कुर्की-जब्ती' असा जोडशब्दही चालतो. पुण्यात सासरी आल्यावर घरपट्टीच्या नोटिशीत 'जप्ती' वाचलं आणि पोलिसांचं काही प्रकरण आहे की काय असं वाटून पोटात गोळा आला होता.

वकील_अनघा
केदार यांच्या मुद्द्याला धरूनच लिहिते, कारण या गोंधळाची किंमत मोजणारी माणसं माझ्याकडे येतात.

कायद्यात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली, वस्तू ताब्यात घेणं. पोलिसांनी चोरीची गाडी पकडली की ती मुद्देमाल होते, पण मूळ मालक कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर परत घेऊ शकतो. दुसरी, टाच : मालकी तुमचीच, व्यवहार बंद. तिसरी, सरकारजमा : मालकीच सरकारकडे गेली. सरकारी मराठीत तिला 'समपहरण' म्हणतात. मराठी बातमीत तिन्हींना एकच शब्द, 'जप्त'.

ईडीचंच घ्या. २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५ खाली ईडी करते ती तात्पुरती टाच. ती जास्तीत जास्त १८० दिवस टिकते. तेवढ्यात न्यायनिर्णय प्राधिकरणाने कायम केली नाही तर ती संपते. त्या काळात घराचा वापर करायला, त्यात राहायला त्या कलमाने मनाई नाही. सरकारजमा होते ती खटला चालून गुन्हा शाबित झाल्यावर. मधे कितीतरी वर्षं जाऊ शकतात. वाचकाला मात्र पहिल्याच दिवशी वाटतं की इमारत सरकारची झाली.

बँकेच्या बाबतीत याहून वाईट. सरफेसी कायद्यात (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) आधी कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग पेपरात 'ताबा सूचना' छापून येते. त्यात बहुतेक वेळा 'सांकेतिक ताबा' किंवा 'प्रतीकात्मक ताबा' लिहिलेलं असतं. म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, किल्ली तुमच्याकडेच. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सहसा कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. या पावलाविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागता येते. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळं कर्ज फेडून घर सोडवण्याची मुदत लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच असते.

लोक काय करतात? सांकेतिक ताब्याची नोटीस बघून 'घर जप्त झालं' म्हणतात, सामान बांधून भाड्याच्या घरात जातात आणि ते ४५ दिवस तसेच जाऊ देतात. माझ्याकडे येतात तोवर लिलावाची तारीख लागलेली असते. ज्या कुटुंबांना मी वाचवू शकले नाही, त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिली नोटीस नीट वाचलेलीच नव्हती. आणखी एक, शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागूच होत नाही. कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे.

बातमीदार_७
जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. अनघाताई, तुमचं म्हणणं पटतं, पण रात्री साडेअकराला मथळ्याची जागा ठरलेली असते. 'तात्पुरती टाच' वाचकाला चटकन कळत नाही, 'जप्त' कळतं.

वकील_अनघा
दादा, 'जप्त' कळतं असं आपल्याला वाटतं, पण वाचक त्यातून चुकीचंच समजतो. आणि जागेचं म्हणाल तर 'फ्लॅटवर ईडीची टाच' हे 'ईडीकडून फ्लॅट जप्त'पेक्षा लांब नाही. टाच हा अस्सल चालता शब्द आहे, 'पगारावर टाच', 'हक्कांवर टाच' आपण रोज छापता. तो जिथे नेमका लागू आहे तिथेच का टाळायचा?

बातमीदार_७
हे मान्य. उद्याच्या बैठकीत मांडतो.

शुद्धमराठी
माझं मत थोडं वेगळं. जप्ती परका शब्द आहे. 'समपहरण', 'अधिग्रहण' हे नेमके शब्द आहेत, तेच रूढ करायला हवेत. प्रयत्नच केला नाही तर रुळणार कसे?

केदार_भाषा
अधिग्रहण अजून चौथीच गोष्ट. निवडणुकीसाठी एसटी अधिग्रहित करतात, दुष्काळात खासगी विहीर अधिग्रहित करतात. तिथे मालकाचा काही दोष नसतो आणि त्याला मोबदला मिळतो. नोटीस वाचणाऱ्याला कळेल तो शब्द नेमका. टाच, ताबा, सरकारजमा हे तिन्ही वाईच्या बाजारात कळतात. समपहरण वकिलालाही दोनदा वाचावं लागतं.

सज्जा_क्र_१४
महसूल खात्यात आहे (पूर्वीचा तलाठी, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). आमच्याकडचे शब्द देतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १७६ मध्ये थकबाकी वसुलीचे मार्ग दिलेत. आधी मागणीची नोटीस. मग जंगम मालमत्ता 'अटकावून ठेवणे', मग स्थावराची जप्ती आणि विक्री. अटकावणी हा शब्द आता तरुण कर्मचाऱ्यांच्या तोंडी राहिला नाही, पण संहितेत आहे आणि छान आहे.

पण या धाग्यावर ज्याचा उल्लेख व्हायलाच हवा तो शब्द 'आकारीपड'. शेतसारा किंवा तगाई (सरकारी शेतीकर्ज) थकली म्हणून जमीन सरकारने ताब्यात घेतली, लिलावाला कोणी पुढे आलं नाही, मग ती सरकारच्या नावावर चढली. उताऱ्यावर 'आकारीपड' अशी नोंद. थकबाकी कधीकधी शे-दोनशे रुपयांची, तीही दुष्काळातली. बारा वर्षांत भरून सोडवता येत होती, पण शेतकरी मुंबईला गिरणीत गेलेला, घरात वाचणारं कोणी नाही, मुदत निघून गेली. पुढच्या पिढ्या तीच जमीन कसत राहिल्या आणि त्यांना मालकी मात्र नाही. पीककर्ज नाही, विहिरीचं अनुदान नाही. अशा घरातली म्हातारी माणसं उतारा घेऊन येतात आणि विचारतात, "सायेब, आमचं रान जप्त कवा झालं?" त्यांना त्यांच्या वडिलांनीही सांगितलेलं नसतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या जमिनी मूळ मालकांना किंवा वारसांना ठरावीक रक्कम भरून परत देण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या उताऱ्यावर ही नोंद आहे त्यांनी तहसील कार्यालयात चौकशी जरूर करावी. वारस नोंदी आधी लावून घ्या, अर्ज बहुतेक तिथेच अडकतो.

उसाचा_फड
जप्ती म्हटलं की गरिबाच्या दारातली भांडी बाहेर असंच सगळ्यांच्या मनात येतं. आमच्या भागात शेतकरी स्वतः जप्ती मागायला मोर्चा काढतो. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) मिळायला हवी, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कारखान्याने थकवली तर पुण्याचे साखर आयुक्त 'आरआरसी' (महसुली वसुलीचा दाखला) काढतात. मग जिल्हाधिकारी जमीन महसुलाची थकबाकी समजून कारखान्याच्या गोदामातली साखर, मोलॅसिस, मालमत्ता जप्त करून विकू शकतात. 'आरआरसी निघाली' ही बातमी आली की पारावर पहिल्यांदा कोणी हसून बोलतं.

अडचण अशी की गोदामातली साखर आधीच बँकेकडे तारण असते. जप्तीचा कागद निघतो आणि पैसे खात्यात यायला पुढचा हंगाम उजाडतो. तरी तो कागद हवाच. त्याशिवाय कारखानदार बोलायलाही येत नाही.

नाझर_काका
फडकरी दादांच्या मुद्द्याला जोडून : सरकारवरही जप्ती येते. धरणात, रस्त्यात जमीन गेलेल्यांना वाढीव मोबदला कोर्टाने मंजूर केला आणि सरकारने भरलाच नाही, तर दरखास्त सरकारविरुद्ध लागते. मग बेलिफ जातो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि खुर्च्या, संगणक, गाडी यांची यादी करतो. अपघाताची भरपाई थकली म्हणून एसटीची बस जप्त झाल्याच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. बहुतेक वेळा खुर्ची दारापर्यंत येते आणि कोणीतरी धनादेश किंवा मुदतीचा अर्ज घेऊन धावत येतं. ज्या शेतकऱ्याने वीस-वीस वर्षं खेटे घातले, त्याला तोच कार्यालयातला शिपाई पहिल्यांदा 'बसा' म्हणतो. हे मी स्वतः पाहिलंय.

भीमथडी
मी सुप्याच्या बाजूचा. या शब्दाला आमच्या भागात इतिहास आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. लोकांचा रोख कशावर होता? कर्जरोख्यांवर, वह्यांवर. कोर्टात सावकार रोखा दाखवायचा, बहुतेक वेळा शेतकरी हजरच नसायचा, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जप्ती दारात. म्हणून आधी कागद जाळले. त्याची चौकशी होऊन १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्यात जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याच्या जमिनीवर टाच आणता येणार नाही असं ठरलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद झालं.

आणि मोठ्या प्रमाणावरची जप्ती म्हणजे 'खालसा'. दत्तक नामंजूर करून सातारा १८४८ मध्ये, नागपूर १८५४ मध्ये खालसा झालं. खालसा म्हणजे थेट सरकारच्या वहिवाटीत आलेलं. आमचे आजोबा कोणाची वडिलोपार्जित जमीन गेली तर 'त्यांचं खालसा झालं' म्हणायचे.

प्रभाग_कार्यकर्ता
निवडणुकीतलं 'डिपॉझिट जप्त' राहिलंच. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशही मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त. लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. ही जप्ती मात्र खरोखर सरकारजमा, परत मिळत नाही.

गॅरेज_सातपूर
गाड्यांच्या धंद्यात जप्त कोणी म्हणत नाही. "फायनान्सवाल्यांनी गाडी ओढली." ओढलेल्या गाड्या यार्डात लागतात, तिथून बोलीने विकतात. रस्त्यात अडवून, चावी हिसकावून गाडी नेतात ते कायदेशीर आहे का हो?

वकील_अनघा
नाही. करारात ताबा घेण्याची अट असली तरी दमदाटी, मारहाण, चावी हिसकावणं हा गुन्हाच आहे. रिझर्व्ह बँकेचे वसुली एजंटांबाबत नियम आहेत, बँकेने दिलेलं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागा. दाखवत नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. गाडीतल्या तुमच्या सामानाची यादी करून सही घ्या, ते सामान कर्जात येत नाही.

मृण्मयी_वाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशीला संध्याकाळी हा धागाच वाचून दाखवला. काका, भावाचा पगार ३१,००० आहे.

नाझर_काका
३१,००० मधून १,००० सुटले. उरले ३०,०००, त्यातले २०,००० सुटले. दरमहा जास्तीत जास्त १०,००० कापता येतील, २१,००० त्याच्या हातात पडायलाच हवेत. शिवाय त्याच हुकूमनाम्यात एकूण २४ महिने कापणी झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. कंपनीच्या पगार विभागाला हे लेखी कळवा, कारण हुकूम त्यांच्या नावाने असतो आणि कधीकधी घाबरून ते जास्त कापतात. पीएफला हात लावता येत नाही.

आणि एक. भावाने जामीन म्हणून जेवढे भरले तेवढे मित्राकडून वसूल करण्याचा त्याचा हक्क आहे. प्रत्येक कपातीची पगारपावती जपून ठेवायला सांगा.

शांता_कराड
माझा एक प्रश्न. दिरांच्या कर्जापायी आमच्या सामाईक घरावर कोर्टाची टाच आली आहे. उताऱ्यावर माझ्या यजमानांचंही नाव आहे. आमचा कर्जाशी काही संबंध नाही. आम्ही काय करावं?

वकील_अनघा
ताई, टाच फक्त दिरांच्या हिश्श्यापुरतीच टिकते. यजमानांनी त्याच कोर्टात, त्याच दरखास्तीत आदेश २१ नियम ५८ खाली हरकत अर्ज द्यायचा. सोबत उतारा, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, घरपट्टीच्या पावत्या जोडा. वेगळा दावा लावायची गरज नाही, कोर्ट तिथेच हक्क ठरवतं. पण हा अर्ज लिलावाच्या आधी द्यावा लागतो आणि मुद्दाम उशीर केला असं वाटलं तर कोर्ट तो ऐकत नाही. लिलावाची तारीख लागली आहे का ते उद्याच नाझर खात्यात जाऊन बघा, दरखास्तीचा नंबर नोटिशीवर वरच्या कोपऱ्यात असतो.

शांता_कराड
नंबर सापडला. सकाळी यजमान जातात.